'अकाटा विच', वारुळातली भुतं आणि आपली लाज

तिरफळ

माझी भाची उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस आमच्याकडे होती. वय अकरा, वाचायचा वेग माझ्या दुप्पट. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला खोलीच्या दारात उभी. "मावशी, वारुळातून भूत येतं का?" मी अर्धवट झोपेत म्हटलं, वारुळातून नाग येतो, भूत पिंपळावर असतं. "नायजेरियात वारुळातून येतं," असं सांगून ती झोपायला गेली. माझी झोप मात्र उडाली. दुसऱ्या दिवशी तिचं पुस्तक उसनं घेतलं आणि दोन दिवस स्वयंपाकाकडे जेमतेम लक्ष दिलं.

पुस्तक 'अकाटा विच', २०११ सालचं. लेखिका न्नेडी ओकोराफोर. नायिका सनी, बारा वर्षांची. जन्म न्यूयॉर्कचा, आई-वडील इग्बो, म्हणजे नायजेरियातल्या एका मोठ्या जमातीचे, आता घर नायजेरियातल्या आबा नावाच्या गावात. तिला अल्बिनिझम आहे, म्हणजे कातडीत, केसांत जन्मतःच रंगद्रव्य नाही. फुटबॉलचं वेड आहे, पण उन्हात खेळता येत नाही. वर्गातली मुलं चिडवतात. सुरुवातीलाच बाई तिच्या हातात छडी देऊन "बाकीच्यांना मार" म्हणतात, ती नकार देते आणि शाळा सुटल्यावर तीच मुलं तिला बडवतात. मग कळतं की तिच्यात जादू आहे. अशा लोकांना 'लेपर्ड पीपल' म्हणतात, बाकीचे सगळे 'लँब', म्हणजे कोकरं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर सगळं ओळखीचं. मलाही तसंच वाटलं. मग चिट्टिम आलं.

चिट्टिम म्हणजे त्या जगातला पैसा. वाकड्या धातूच्या कांड्या. त्या कमावता येत नाहीत. तुम्ही काही नवीन शिकलात, खरोखर डोक्यात प्रकाश पडला, की वरून खणखण पडतात. त्यातही तांब्याची सगळ्यात मोलाची आणि सोन्याची सगळ्यात कमी. भाचीने हे मला इतक्या गंभीर चेहऱ्याने समजावलं की मी देवघरातल्या तांब्याच्या तांब्याकडे जरा आदराने पाहिलं.

दुसरी गोष्ट जास्त खोल लागली. सनी आणि तिचे तीन जादूवाले मित्र, या चौघांपैकी प्रत्येकात कोकरांच्या जगाला खोट वाटेल असं काहीतरी आहे. ओर्लूला अक्षरं वाचताना अडचण येते, तीच त्याची विद्या होते: दुसऱ्याने घातलेली जादू तो सोडवू शकतो. सनीचा रंग तर लोकांच्या टवाळीचा विषय, पण तिची ताकद तिथूनच येते. लेखिकेने हे वरून चिकटवलेलं नाही. तिचं स्वतःचं आयुष्य वाचलं तेव्हा कळलं का ते. जन्म १९७४, सिनसिनाटी. शाळेत टेनिस आणि धावण्यात चमकलेली. तेराव्या वर्षी पाठीचा कणा वाकडा असल्याचं निदान झालं, एकोणिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया, आणि क्वचितच होते अशी गुंतागुंत होऊन कमरेखालचं अंग लुळं पडलं. तोवर तिला कीटकशास्त्रज्ञ व्हायचं होतं. हॉस्पिटलच्या खाटेवर हातात होतं त्या पुस्तकाच्या समासात तिने पहिल्यांदा गोष्ट लिहायला घेतली. पुढे ती पुन्हा चालायला शिकली आणि त्याच वर्षी लेखनाच्या वर्गात जाऊन बसली. हे सगळं तिने २०१९ मध्ये छोट्या आत्मकथनात सांगितलंय.

आता धागा काढायचं कारण. पुस्तकातली भुतंखेतं, मुखवटे, जारण-मारण, सगळं तिच्या लोकांच्या खऱ्या समजुतींतून आलंय. आणि ते आटपाट नगरात घडत नाही. मोबाइल आहेत, वीज जाते, आई डॉक्टर आहे, आणि बाजाराच्या पलीकडे एक पूल आहे जो तुम्ही आपला आत्म्याचा चेहरा लावल्याशिवाय ओलांडू शकत नाही. तिला कशाचीच लाज वाटत नाही. आपल्या मुलांना आपण मुंजा, चकवा, राखणदार दाखवतो तेव्हा एकतर विनोदी करतो, नाहीतर शेवटी "तो तर गड्याने पांघरलेला घोंगडा होता" म्हणून मोकळे होतो. असं का? कुणी वाचलंय का तिचं आणखी काही?

---

काजवा

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली.

एक शंका. "नायजेरियन हॅरी पॉटर" म्हणून गाजलेलं ते हेच ना? अशा तुलनेने मला पुस्तक उघडायच्या आधीच कंटाळा येतो. मुलगा दहा वर्षांचा आहे, भित्रा आहे (बापावर गेलाय). चालेल का?

---

तिरफळ

@काजवा, हो, तेच. पण तुलना एका बाबतीत अगदीच फसवी आहे. तिकडे मुलगा घर सोडून वसतिगृहात जातो आणि जादू त्याला तिथे भेटते. सनी कुठेच जात नाही. दिवसा नेहमीची शाळा, घरी आईबाबांना काही सांगायची सोय नाही, रात्री गुपचूप पसार. जादूची शाळासुद्धा म्हणजे एका माणसाची झोपडी.

भित्र्या मुलाबद्दल: खलनायक मुलांना पळवतो आणि मारतो. थेट वर्णनं फार नाहीत, पण सावट आहे. तुम्ही आधी वाचा. त्याच्यासाठी 'चिकन इन द किचन' घ्या, चित्रांचं पुस्तक आहे. नव्या याम कंदांच्या सणाच्या आदल्या रात्री एका मुलीला स्वयंपाकघरात अवाढव्य कोंबडी दिसते. कोंबडी म्हणजे कोण ते सांगत नाही.

---

लागोसचा_पाहुणा

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो, या धाग्यासाठीच.

मी सहा वर्षं लागोसला होतो, कंपनीच्या कामाने. तिथे भारतीय पुष्कळ आहेत, मराठी मंडळीही आहेत, गणपती बसतो. त्यामुळे आम्ही बरेचसे लोक गणपती, क्लब आणि ऑफिस यापलीकडे काही बघत नाही, हे कबूल करतो. मी जे पाहिलं ते ड्रायव्हरमुळे. तो इग्बो होता. एका नाताळात मला एनुगूकडे आपल्या गावी घेऊन गेला.

नाताळ म्हटल्यावर मी केक, चर्च वगैरे धरून चाललो होतो. चर्च होतंच. दुपारी रस्त्यावर आरडाओरडा सुरू झाला आणि पोरं जीव घेऊन पळत आली. मागून मुखवटेवाला. अंगभर गवताचे झुबके, चेहऱ्यावर लाकडी तोंड, हातात वेताची काठी. समोर येईल त्याला सटकावतो. मी गमतीने फोटो काढायला गेलो तर ड्रायव्हरने मला मानगूट धरून घरात ओढलं. म्हणाला, "सर, हा माणूस नाही." मी म्हटलं, पाय तर बूट घातलेले दिसतायत. तो हसला नाही.

हाच तो मासकरेड. आत माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाहेर आलेला पूर्वज आहे, जमिनीखालून आलेला. भाचीचं वारूळ इथलंच. मुखवटा ओढून चेहरा उघडा पाडणं हा तिकडे केवढा मोठा गुन्हा, ते नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे वाचलेल्यांना माहीत असेल. त्यांच्या पहिल्या कादंबरीत त्या एका कृत्यावरून सगळं गाव पेटतं.

आता पुस्तकातल्या काही गोष्टी ज्या बाहेरच्याला कळत नाहीत:

जादूच्या गावातल्या खानावळीचं नाव 'मामा पुट्स' असं काहीसं आहे ना? लागोसमध्ये रस्त्याकडेला भात-कालवण विकणाऱ्या प्रत्येक बाईला 'मामा पुट' म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, "मामा, पुट मोअर." म्हणजे आई, अजून वाढ. आपल्याकडच्या मावशींच्या पोळीभाजी केंद्रासारखंच.

खलनायकाचं नाव ब्लॅक हॅट ओटोकोटो. हे नाव वाचून नायजेरियन माणसाच्या अंगावर काटा येतो. ओवेरी शहरात १९९६ साली ओटोकोटो नावाच्या हॉटेलात अकरा वर्षांच्या मुलाचा नरबळीसाठी खून झाला. लोक रस्त्यावर उतरले, संशयित श्रीमंतांची घरं, गाड्या जाळल्या. मुलांच्या पुस्तकात तिने ते नाव मुद्दाम ठेवलंय, यात मला तरी शंका नाही.

आणि 'अकाटा' ही शिवी आहे बरं का. परदेशात, विशेषतः अमेरिकेत वाढलेल्या काळ्या माणसाला नायजेरियन लोक हिणवून म्हणतात. रानटी जनावर, अशा अर्थाने. खुद्द नायजेरियात हे पुस्तक वेगळ्या नावाने निघालं, 'व्हॉट सनी सॉ इन द फ्लेम्स'. दुकानाच्या फळीवर शिवी कोण मांडेल?

---

काजवा

अरे बापरे. ओटोकोटोचं माहीत नव्हतं. बापालाच झेपणार नाही बहुतेक.

---

नर्मदेचा_गोटा

धागा वाचला. लेखिकेच्या जिद्दीबद्दल आदर आहे. पण गोडगोड चालू आहे म्हणून थोडं कडू लिहितो.

"तिला लाज वाटत नाही" हे कौतुकाने लिहिलंय. नायजेरियाच्या अक्वा इबोम राज्यात लहान मुलांना 'चेटकी' ठरवून घराबाहेर काढलं जात होतं. मारहाण, उपासमार, कधी जीव घेणं. ते इतकं वाढलं की मुलाला चेटूक करणारा म्हणणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा तिथे २००८ मध्ये करावा लागला. अल्बिनिझम असलेल्या माणसांचे अवयव जादूटोण्यासाठी तोडले जातात, टांझानियात तर लहान मुलांचे. संयुक्त राष्ट्रांना १३ जून हा दिवस त्यांच्यासाठी ठेवावा लागला. आणि या पार्श्वभूमीवर एक बाई गोष्ट लिहिते की अल्बिनो मुलीत खरोखरच जादूची शक्ती असते?

आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा होण्यासाठी किती वर्षं झगडावं लागलं आणि कोणती किंमत मोजावी लागली ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. "गड्याने पांघरलेला घोंगडा होता" हा शेवट मला लाजिरवाणा वाटत नाही. त्या घोंगड्यासाठी माणसं खपली आहेत.

---

चिंचेचं_झाड

@नर्मदेचा_गोटा, तुमचा मुद्दा मला लागतो, आणि तरी मी दुसऱ्या बाजूला आहे. सांगते का ते. जरा लांबेल.

माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीला जट होती. केसांचा गुंता होऊन दोरखंड झाला, देवीने मागणं केलं म्हणाले. कापायची नाही, फणी लावायची नाही, मंगळवार-शुक्रवार हळद-कुंकू वाहायचं. तिचं लग्न झालं नाही. नशीब की तिला कुणी देवीला सोडलं नाही, त्या काळी आमच्या सीमाभागात यल्लम्माला मुली वाहत असत. मान वाकडी झाली होती तिची त्या वजनाने. कार्यकर्त्या घरी आल्या, समजूत घातली, जट कापली तेव्हा ती साठीच्या पुढे होती. कापल्यावर रात्रभर रडली. हलकं वाटतंय म्हणून की भीतीने, ते तिने कधीच सांगितलं नाही.

ओकोराफोरची पहिली कादंबरी 'झारा द विंडसीकर', २००५. तिला २००८ मध्ये नायजेरियन लेखक वोले शोयिंका यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. त्यातली झारा जन्मतःच 'दादा' केस घेऊन येते. आपला दादा नव्हे! नायजेरियात जन्मापासून केसांच्या जटा असलेल्या मुलांना दादा म्हणतात. त्यांच्या केसांना कुणी हात लावायचा नाही, कापायचे तर विधी करून. कुणी म्हणतं शहाणं मूल, कुणी म्हणतं अपशकुनी. झाराच्या जटांत तर हिरवी वेल वाढते. शाळेत छळ होतो, हे वेगळं सांगायला नको.

मी ते पुस्तक वाचताना मावशीआजी डोळ्यांसमोरून हलेना. आणि मला राग आला, अगदी तुमच्यासारखा. जट ही घाण आणि गुंता आहे, बये, वेल कसली लावतेस तिला.

पण पुढे वाचत गेले. झाराला कळतं की ती उडू शकते. ते कळतं म्हणून लोक तिला पुजत नाहीत, तिला कुठे वाहत नाहीत. मित्राला विषारी साप चावतो, त्यावरचा उतारा आणायला ती बंदी असलेल्या जंगलात एकटी जाते. घाबरत, रडत. त्या जंगलाबद्दल गावात जेवढ्या समजुती, त्यातल्या निम्म्या खोट्या निघतात, कारण कुणी जाऊन बघितलेलंच नसतं. मला सांगा, बघितल्याशिवाय बोलू नये हे शिकवणारं पुस्तक अंधश्रद्धेचं कसं?

मावशीआजीचं काय चुकलं होतं? जट होती हे नव्हे. जटेचा अर्थ दुसऱ्यांनी लावला आणि तिने तो आयुष्यभर वाहिला. झारा स्वतःचा अर्थ स्वतः लावते, एवढाच फरक आहे.

---

सांजवेळ

@चिंचेचं_झाड, वाचून गप्प बसले थोडा वेळ.

---

नर्मदेचा_गोटा

@चिंचेचं_झाड, तुमच्या मावशीआजींबद्दल वाचून वाईट वाटलं. जटा सोडवण्याच्या कामात मी स्वतः थोडाफार होतो, त्यामुळे ती रात्र डोळ्यांसमोर आली. कापल्यावर जवळजवळ सगळ्याच रडतात.

पुस्तक न वाचता बोललो, हे मान्य. पण माझा प्रश्न पूर्ण सुटत नाही. अमेरिकेतलं मूल हे वाचेल तेव्हा ती कल्पना. ज्या गावात शेजारच्या अल्बिनो मुलीकडे लोक खरंच "हिच्यात काहीतरी आहे" अशा नजरेने बघतात, तिथल्या मुलाने वाचलं तर?

---

लागोसचा_पाहुणा

@नर्मदेचा_गोटा, तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं निरीक्षण एवढंच की त्या गावातल्या मुलाला ही नजर पुस्तकातून मिळत नाही. ती त्याला चित्रपटांतून मिळते. १९९२ पासून जो नॉलिवूडचा, म्हणजे नायजेरियाचा, व्हिडिओ-सिनेमा सुरू झाला, त्यात चेटूक म्हणजे हमखास सैतान, आणि शेवटी पाद्री येऊन सगळं जाळणार. माझ्या ऑफिसातली मुलं लहानपणापासून ते बघत आलेली. या बाईने त्याच गोष्टी घेतल्या आणि चेटूक करणारीला गृहपाठ दिला. वेळेवर नाही आली तर शिक्षा दिली. लेपर्ड लोकांत तर पैशाच्या मागे लागलेल्या माणसाला सगळे नावं ठेवतात. आणि ओटोकोटो नेमका तसाच आहे: शॉर्टकट हवा म्हणून मुलांना मारणारा. नरबळी देणारा माणूस पुस्तकात खलनायकच आहे हो, नायक नाही.

---

पाटी_पेन्सिल

मी जव्हार भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मुखवट्यांचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे बोहाडा होतो. नाशिककडचे आखाडीही म्हणतात. उन्हाळ्यात, रात्री, संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग निघतं. आधी गणपती, सरस्वती, मग पुढची. मुखवटे लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पहाटेपर्यंत चालतं, दुसऱ्या दिवशी माझा निम्मा वर्ग बाकावर झोपलेला.

चौथीतल्या एका मुलाचा बाप नरसिंहाचं सोंग नाचवतो. मी त्याला विचारलं, बाबा दिसले का रे काल? तो म्हणाला, "काल बाबा नव्हता, देव होता. बाबा सकाळी आला." मी बीएडला शिकलेलं सगळं मानसशास्त्र आठवून पाहिलं, यापुढे काय बोलावं ते त्यात नव्हतं. लागोसच्या पाहुण्यांना ड्रायव्हर जे म्हणाला, तेच हे. पोराला कुणी फसवलेलं नाही. दोन्ही गोष्टी त्याला माहीत आहेत.

आता खंत. हाच मुलगा पाठ्यपुस्तकातला परीराणीचा धडा वाचतो. परी त्याने कधी पाहिली नाही. सोंग दरवर्षी पाहतो, ते पुस्तकात कुठे नाही. असलंच तर 'आदिवासींच्या परंपरा' या नावाखाली, बाहेरच्या माणसाने लिहिलेलं. तिरफळ ताईंनी विचारलं ना, असं का? माझ्या मते आपले लिहिणारे सोंगाकडे प्रेक्षकातून बघतात. ओकोराफोर बाई मुखवट्याच्या आतून बघतायत.

एक उपयोगाची माहिती: दक्षिण आफ्रिकेतल्या संस्थेने चालवलेला 'आफ्रिकन स्टोरीबुक' नावाचा प्रकल्प आहे, तिथल्या मुलांच्या गोष्टी खुल्या परवान्यावर असतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच गोष्टी आल्या आहेत. फुकट. ज्याला हवं तो आपल्या भाषेत उतरवू शकतो. मी तिथल्या काही गोष्टी वर्गात वाचून दाखवल्या आहेत. ससा, कासव, कोंबडी, मका, पाण्याला लांब जाणारी आजी. मुलांना ते दुसऱ्या खंडातलं आहे हे मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

---

खारीचा_वाटा

कासवावरून आठवलं. इग्बो लोकांची एक गोष्ट आहे. पक्ष्यांना आभाळात जेवणाचं आमंत्रण असतं. कासव त्यांच्याकडून एकेक पीस उसनं घेऊन पंख करतं, आणि स्वतःचं नाव ठेवतं 'तुम्ही सगळे'. यजमान म्हणतात, हे जेवण तुम्हा सगळ्यांसाठी. कासव म्हणतं, म्हणजे माझ्यासाठी! पक्षी चिडून आपापली पिसं काढून घेतात आणि कासव खाली पडून कवच फुटतं. ते सांधलेलं अजून दिसतं.

आपल्या पंचतंत्रातलं कंबुग्रीव कासवही आभाळातूनच पडतं, पण तोंड उघडल्यामुळे. आमचं बडबडीने मेलं, त्यांचं हावरटपणाने पडलं आणि वाचलं. मला त्यांचं आवडलं जास्त, हलकेच घ्या.

माकडाचं काळीज झाडावर राहिल्याची गोष्ट मात्र खरोखरच समुद्र ओलांडून गेलेली दिसते. झांजिबारच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत ती सांगतात, फक्त मगरीच्या जागी शार्क. एका इंग्रज पाद्र्याने १८७० मध्ये छापलेल्या स्वाहिली गोष्टींत ती आहे. गुजरात-कोकणातून तिकडे गलबतं शेकडो वर्षं जात होती, माल उतरवला तेव्हा माकडही उतरलं असणार.

---

उगाच_एक

सगळं ठीक, पण बाई जन्मल्या अमेरिकेत, शिकल्या अमेरिकेत, पीएचडी शिकागोची, पुस्तकं अमेरिकेत छापतात. यात आफ्रिकन काय? आमच्या न्यू जर्सीच्या चुलतभावाने उद्या वेताळावर इंग्रजीत लिहिलं तर तो मराठी साहित्यिक का?

---

तळटीप

@उगाच_एक, चुलतभावाने चांगलं लिहिलं तर मी त्याला घेईन.

पण प्रश्नाला धरून बोलतो. तिचे आई-वडील १९६९ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले. तेव्हा नायजेरियात बियाफ्राचं यादवी युद्ध चालू होतं, परत जाणं झालं नाही. मुलींना मात्र ते सुट्ट्यांमध्ये नायजेरियात नेत राहिले. म्हणजे ती ज्या जागी उभी आहे ती नेमकी सनीची जागा. तिकडे अकाटा, इकडे परकी. पुस्तकाचं नाव शिवी आहे, ती आधी लेखिकेलाच लागू होते.

आणि तिने स्वतः या विषयावर ठाम भूमिका घेतली आहे. अमेरिकन समीक्षक तिला 'आफ्रोफ्युचरिझम'च्या, म्हणजे काळ्या लोकांच्या भविष्यकथांच्या, खणात टाकत. हा शब्द १९९३ मध्ये एका गोऱ्या अमेरिकन समीक्षकाने घडवला, त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले काळे लोक होते. तिने त्याऐवजी 'आफ्रिकनफ्युचरिझम' असा सलग शब्द वापरायला सुरुवात केली: ज्याचं मूळ आणि मध्य आफ्रिकेत आहे ते. आणि जादूच्या गोष्टींसाठी 'आफ्रिकनजुजुइझम'. त्यात ती म्हणते ते साधारण असं की खऱ्या, जिवंत श्रद्धा आणि कल्पना यांचा सांधा दिसू नये. म्हणजे तिच्या लेखी जुजू, म्हणजे तिकडचा जादूटोणा, ही 'बनवलेली' जादू नाहीच.

लेपर्ड हे नावही कल्पनेतून आलेलं नाही. नायजेरियाच्या क्रॉस रिव्हर भागात एक्पे नावाची जुनी गुप्त संघटना होती, अजून आहे. एक्पे म्हणजे बिबट्या. त्यांची न्सिबिदी नावाची चिन्हलिपी होती, भिंतींवर, कापडांवर, अंगावर काढायची. गुलामीच्या जहाजांतून हे लोक क्यूबात गेले, तिथे त्यांचीच संघटना 'अबाकुआ' नावाने तगली. दुसऱ्या भागात सनी जे पुस्तक वाचायला शिकते ते न्सिबिदीतलं. अक्षरं हलतात त्यातली.

आता लाजेबद्दल, कारण मूळ धागा तोच आहे. ओकोराफोरच्या आधी अर्धं शतक अमोस टुटुओला हा नायजेरियन लेखक होऊन गेला. मजूर खात्यात शिपाई. त्याने १९५२ मध्ये माडीबाज माणसाची गोष्ट लिहिली: याचा माडी काढणारा मरतो, आणि हा त्याला परत आणायला मेलेल्यांच्या गावी निघतो. वाटेत भुतंच भुतं. इंग्रजी मोडकीतोडकी, की मोडून नवी केलेली, हा वादाचा विषय. लंडनमध्ये वाहवा झाली. शिकलेले नायजेरियन मात्र शरमले. जग आपल्याला अडाणी समजेल ही धास्ती. देश स्वतंत्र व्हायचा होता, रेल्वे, कारखाने, विद्यापीठं दाखवायची होती, आणि हा भुतं घेऊन आला.

आपल्याकडेही तसंच झालं असावं असं मला वाटतं. आपले बालसाहित्यिक सुधारक पिढीचे. शाळामास्तर. त्यांना मुलं धीट करायची होती, विज्ञाननिष्ठ करायची होती, आणि ते योग्यच होतं. भूत उरलं ते बालनाट्यात, कारण रंगभूमीवर चेटकीण आली की पोरं खुर्च्यांवर उभी राहतात, तिथे कोण नाही म्हणणार. छापील पुस्तकात मात्र तिला प्रवेश नव्हता. टुटुओलानंतर ओकोराफोर यायला त्यांना पन्नास वर्षं लागली. आपला टुटुओला कोण, हे मला अजून सापडलेलं नाही.

---

नर्मदेचा_गोटा

@तळटीप, "योग्यच होतं" एवढं लिहिल्याबद्दल आभार, नाहीतर मी दुसरा धागा काढणार होतो.

पहिला भाग मागवला आहे. वाचून मग भांडतो.

---

चिंचेचं_झाड

@नर्मदेचा_गोटा, गांधीलमाशीपाशी आलात की सांगा. सनीला मातीची शिल्पं करणारी एक गांधीलमाशी पाळायला मिळते. रोज नवं शिल्प करून दाखवते आणि कौतुक नाही केलं तर सूड घेते. लेखिकेला कीटकशास्त्रज्ञ व्हायचं होतं ते असं कुठेकुठे बाहेर येतं.

---

काजवा

कौतुक नाही केलं की सूड. अशी एक आमच्या घरी आहे. (ती हा धागा वाचत नाही.)

---

पाटी_पेन्सिल

त्या नरसिंहाच्या मुलाला मी काल म्हटलं, सोंगाची गोष्ट तू सांग, मी फळ्यावर लिहितो. बरंच सांगितलं. शेवटी म्हणाला, "गुरुजी, हे पुसून टाका, बाबाला विचारलं नाही." पुसलं. तो विचारून आला तर पुढे लिहीन.

---

तिरफळ

एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. भाचीला फोनवर यातलं निवडक वाचून दाखवलं. ओटोकोटोचं गाळलं. जटेचं ऐकून तिने विचारलं, "त्या आजी उडाल्या का मग?" मी म्हटलं, नाही गं. बराच वेळ काही बोलली नाही.

दुसरा भाग, 'अकाटा वॉरियर', २०१७ चा, तिने संपवत आणलाय. त्यात लागोसच्या जमिनीखाली राहणारी एक प्रचंड कोळीण आहे, ती या मुलांना एक उडणारा ग्रासकटर देते. भाची म्हणते तो घुशीहून मोठ्या उंदरासारखा प्राणी असतो आणि या पुस्तकातला बसएवढा आहे, त्याच्या पाठीवर बसून सगळे जातात. तिला आता तो पाळायचा आहे. @लागोसचा_पाहुणा, असा प्राणी खरंच असतो का? तुम्ही पाहिलाय?

---

लागोसचा_पाहुणा

असतो. उसाच्या रानात सापडतो, हमरस्त्यावर पोरं शेपटीला धरून विकायला उभी असतात. पाहिलाय.

तिखट पेपर सूपमध्ये. तिला सांगू नका.